हात पाहून चकती

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण महाराष्ट्रात घरोघरी लहानपणापासून कानांवर पडते. ती केवळ संसाराच्या खर्चापुरती आहे असा सर्वसाधारण समज असला, तरी मनुष्याच्या खेळांकडे आणि आयुधांकडे पाहिले असता तिची व्याप्ती फार मोठी असल्याचे ध्यानात येते. हाताने फेकावयाच्या गोल व चपट्या वस्तूंचा, म्हणजे थाळीचा, चक्राचा आणि अलीकडच्या प्लॅस्टिकच्या चकतीचा इतिहास हा या म्हणीचाच विस्तार होय. या इतिहासात एक चूक पुनःपुन्हा घडलेली दिसते. साधन हाताला झेपत नाही, फेक फसते, आणि दोष मात्र साधनास न लागता हाताच्या माथी मारला जातो. डिस्क गोल्फ नावाचा एक खेळ गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेत जन्मून जगभर पसरला आहे. त्या खेळात लांब पल्ल्याची चकती कोणी कोणती निवडावी, हा नवशिक्यास पडणारा प्रश्न दिसावयास नवा आहे. परंतु त्याचे उत्तर फार जुने आहे.

प्रथम थाळी. मैदानी खेळांतील या प्रकारास मराठीत थाळीफेक हे नाव मिळाले, ते मोठे अन्वर्थक आहे. ग्रीक लोक या वस्तूस डिस्कोस म्हणत, आणि जेवणाच्या बशीस इंग्रजीत जो शब्द आहे तोही त्याच ग्रीक शब्दापासून निघालेला आहे. म्हणजे महाराष्ट्रातील स्वयंपाकघर आणि यूरोपातील स्वयंपाकघर यांची या एका बाबतीत न ठरविता एकवाक्यता झाली. होमरच्या इलियड महाकाव्यात, पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीच्या वेळी झालेल्या सामन्यांत, लोखंडाचा एक ओबडधोबड गोळा फेकण्याची स्पर्धा वर्णिलेली आहे. पुढे ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात मायरन या शिल्पकाराने थाळी फेकणाऱ्या तरुणाचा पुतळा घडविला. मूळ ब्राँझची मूर्ती नष्ट झाली. पण रोमन कारागिरांनी केलेल्या तिच्या संगमरवरी प्रतिकृती आजही पाहावयास मिळतात.

भारतात याच गोल वस्तूने शस्त्राचे रूप घेतले. श्रीकृष्णाच्या बोटावरील सुदर्शन चक्र हे पुराणांतील झाले. परंतु पोलादी चक्र प्रत्यक्ष लढाईत वापरले जात असे, यास परकीय प्रवाशाची साक्ष आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात राहिलेला पोर्तुगीज गृहस्थ दुआर्ते बार्बोसा याने दिल्लीच्या राज्यातील लोकांच्या शस्त्रांचे वर्णन करताना या चक्रांची हकीकत दिली आहे. दोन बोटे रुंदीचे हे पोलादी कडे बाहेरून वस्तऱ्यासारखे धारदार आणि आतून बोथट असे. त्याचा आकार लहानशा ताटलीएवढा. योद्धा अशी सात-आठ कडी डाव्या हातात अडकवी, त्यांतील एक उजव्या हाताच्या बोटावर घेऊन गरगर फिरवी आणि शत्रूवर सोडी. पुढे शीख योद्ध्यांनी, विशेषतः निहंगांनी, हे शस्त्र आपलेसे केले. गुरू गोविंदसिंग यांचे देहावसान ज्या नांदेडात १७०८ साली झाले, तेथे जमणाऱ्या निहंगांच्या उंच निळ्या पगडीवर हे पोलादी कडे अद्यापि शोभताना दिसते.

या चक्राची रचना विचार करण्यासारखी आहे. ते भरीव नाही, मध्ये पोकळ आहे. जाड नाही, पातळ आहे. हवेला विरोध कमी व्हावा आणि वजन सारे काठावर राहावे, अशी ती युक्ती. १९८४ साली अमेरिकेत ॲलन ॲडलर यांनी खेळण्यासाठी अशाच कड्याच्या रूपाचे एक पातळ उडते चक्र बाजारात आणले, आणि २००३ साली ते एका खेळाडूने ४०६ मीटरांवर फेकले. जुन्या लोहारांना हवेचे गणित कागदावर मांडता येत नसेल. परंतु ते त्यांच्या हातात उतरलेले होते. जुनी चक्रे निरनिराळ्या आकारांची आढळतात, काही वीतभरही नाहीत, तर काही चांगली मोठ्या ताटलीएवढी. बोटावर फिरवावयाची वस्तू बोटास पेलावीच लागते. रणांगणावर तर ती न पेलण्याची किंमत प्राणांनी द्यावी लागे.

हाताच्या आणि साधनाच्या प्रमाणाचा सर्वांत बोधक प्रसंग मात्र १८९६ सालचा आहे. त्या वर्षी अथेन्स येथे ऑलिंपिक सामन्यांचे पुनरुज्जीवन व्हावयाचे होते. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील रॉबर्ट गॅरेट या विद्यार्थ्याच्या मनात थाळीफेकीत उतरावे असे आले. अमेरिकेत तेव्हा थाळी कोणी पाहिलेली नव्हती. प्राचीन ग्रंथांतील वर्णनांवरून एका लोहाराकडून त्याने थाळी घडवून घेतली. ती झाली सुमारे चौदा किलो वजनाची! अशी थाळी उचलणेच जड, मग फेकावी कशी? गॅरेटने तो नाद सोडून दिला. पुढे अथेन्सला पोहोचल्यावर त्याच्या दृष्टीस खरी थाळी पडली आणि ती अडीच किलोंहूनही हलकी असल्याचे पाहून त्याने आयत्या वेळी नाव दिले. त्याच्या पहिल्या फेकी अगदीच वेड्यावाकड्या झाल्या. परंतु अखेरच्या फेकीत थाळी २९.१५ मीटरांवर जाऊन पडली आणि ग्रीक वीर पानायोतिस पारास्केवोपूलोस यास सुमारे वीस सेंटिमीटरांनी मागे टाकून, ग्रीकांच्या भूमीवर ग्रीकांच्याच खेळात, त्याने पहिला क्रमांक मिळविला.

या गोष्टीतील चमत्काराकडे सर्वांचे लक्ष जाते; तिच्यातील इशाऱ्याकडे कोणाचे फारसे जात नाही. गॅरेट अथेन्सला गेलाच नसता, तर काय झाले असते? थाळीफेक आपल्या प्रकृतीस मानवणारी नाही, असा निश्चय करूनच तो आयुष्यभर राहिला असता. त्याच्या दंडातील सामर्थ्य जे अथेन्सला होते तेच प्रिन्स्टनलाही होते. फरक पडला तो लोखंडाच्या वजनाचा.

हा धडा खेळांच्या नियामकांनी पुढे मनावर घेतला. आज पुरुषांसाठी थाळी दोन किलोंची, तर स्त्रियांसाठी एक किलोची असते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी दीड किलोची आणि वीस वर्षांखालील तरुणांसाठी पावणेदोन किलोंची असते. स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये थाळीफेकीचा मान १९२८ साली ॲमस्टरडॅम येथे मिळाला. हलकी थाळी म्हणजे दुर्बळांना दिलेली सवलत, असे कोणास वाटेल, तर त्याने आकडे पाहावेत. १९८८ साली पूर्व जर्मनीच्या गाब्रिएले राइन्श या महिलेने एक किलोची थाळी ७६.८० मीटरांवर फेकली. पुरुषांचा दोन किलोंच्या थाळीचा विक्रम २०२५ साली लिथुएनियाच्या मिकोलास आलेक्ना याने ७५.५६ मीटरांवर नेला, तरी तो या अंतरापर्यंत पोहोचला नाही. साधन प्रमाणात असले की हाताचे सारे बळ अंतरात उतरते, हेच यातून सिद्ध होते.

वजनापलीकडेही एक सूक्ष्म भेद आहे. सारख्याच वजनाच्या दोन थाळ्या घेतल्या, तरी एकीचे वजन काठावर अधिक आणि दुसरीचे मध्यभागी अधिक असू शकते. काठावर वजन असलेली थाळी एकदा नीट फिरू लागली म्हणजे दीर्घकाळ फिरत राहते, म्हणून ती दूर जाते. परंतु तिला तसे फिरविण्यास बोटांत आणि खांद्यात मोठे बळ लागते. नवशिक्याने ती घेतल्यास ती पुरेशी फिरतच नाही, हवेत डगमगते आणि जवळच कोसळते. म्हणून जाणते शिक्षक नवख्या मुलास मध्यभागी वजन असलेली थाळी देतात. महाराष्ट्रातील तालमींना हे तत्त्व नवे नव्हे. जोडी फिरवावयास शिकणाऱ्या पोराच्या हाती वस्ताद पहिल्याच दिवशी पहिलवानाची जड जोडी देत नाही. आधी हलकी जोडी, तिच्यावर हात बसला म्हणजे पुढची. आणि ही चढण चढताना पोराने घाई केली, तर वस्तादाचे डोळे वटारलेले असावयाचेच.

स्वातंत्र्यानंतर भारतानेही या खेळात नाव मिळविले. महाभारत या दूरदर्शन मालिकेतील भीम म्हणून घरोघरी ओळखले गेलेले प्रवीणकुमार सोबती हे मूळचे थाळीफेकपटू. १९६६ आणि १९७० अशा दोन आशियाई सामन्यांत त्यांनी या खेळाचे सुवर्णपदक मिळविले होते. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत कृष्णा पूनिया यांनी ६१.५१ मीटरांच्या फेकीने सुवर्णपदक पटकाविले, आणि त्या दिवशी तिन्ही पदके भारतीय स्त्रियांनाच मिळाली.

आता प्लॅस्टिकच्या चकतीकडे वळावयाचे. तिचा जन्मही स्वयंपाकघरातच झाला, हा योगायोग मौजेचा आहे. अमेरिकेत कनेटिकट प्रांतातील ब्रिजपोर्ट येथे १८७१ साली विल्यम रसेल फ्रिस्बी यांनी एक बेकरी चालविण्यास घेतली. तिच्या पत्र्याच्या रिकाम्या थाळ्या विद्यार्थी एकमेकांकडे फेकून खेळत. दुसरीकडे कॅलिफोर्नियात फ्रेड मॉरिसन नावाचा तरुण १९३७ साली डब्याचे पत्र्याचे झाकण फेकून खेळू लागला. समुद्रकिनाऱ्यावर एकाने पाच सेंट किमतीच्या केकच्या भांड्याबद्दल त्याला पंचवीस सेंट देऊ केले, आणि त्यात व्यापार असल्याचे त्याने ओळखले. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकाचे काम करून परतल्यावर १९४८ साली त्याने प्लॅस्टिकची चकती काढली. तिची सुधारलेली आवृत्ती १९५७ साली वॅम-ओ या कंपनीने घेतली आणि त्याच वर्षी तिचे नाव फ्रिस्बी असे ठेविले. याच कंपनीतील एड हेड्रिक यांनी पुढे चकतीच्या पाठीवर वर्तुळाकार कडा उठवून तिचे उड्डाण स्थिर केले. गोल्फप्रमाणे ठराविक ठिकाणाहून चकती फेकीत जाऊन कमीत कमी फेकींत लक्ष्य गाठावयाचे, या खेळाचे पहिले कायम मैदान १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात त्यांनीच आखले, आणि लोखंडी साखळ्या लोंबत असलेली टोपली हे त्याचे लक्ष्यही त्यांचीच कल्पना. डिस्क गोल्फ तो हाच.

तोपर्यंतच्या चकत्या जाड, गोलसर काठाच्या असत. १९८३ साली डेव्ह ड्युनिपेस यांनी उतरता, निमुळता काठ असलेली चकती तयार केली आणि खेळाचे स्वरूपच पालटले. निमुळता काठ हवेस चिरीत जातो. म्हणून चकती अधिक वेगाने आणि अधिक दूर जाऊ लागली. पुढे काठ अधिकाधिक रुंद आणि टोकदार होत गेला आणि त्यातून लांब पल्ल्याच्या चकत्या, ज्यांस त्या खेळात ड्रायव्हर म्हणतात, त्या निपजल्या. ड्युनिपेस यांच्या इनोव्हा कंपनीने प्रत्येक चकतीवर चार अंक छापण्याची पद्धत पाडली. पहिला अंक गतीचा, तो एकापासून चौदा-पंधरापर्यंत असतो. दुसरा तरंगत राहण्याचा. तिसरा, वेगात असताना चकती किती वळते त्याचा. आणि चौथा, वेग मंदावल्यावर ती उलट बाजूस किती ढळते त्याचा.

येथेच नवशिक्याची फसगत होते. गतीचा अंक बारा पाहून त्याला वाटते की, ही चकती आपणास वेग देईल. वास्तविक तो अंक चकतीने द्यावयाच्या वेगाचा नसून चकतीने मागितलेल्या वेगाचा आहे. कुर्लेकरांस यावर एक दाखला जवळचा आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे लोकांच्या तोंडचे बोरीबंदर, येथून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली आगगाडी धावली. ती धावली, कारण तिच्या माथ्यावरील तारेत दीड हजार व्होल्टांचा प्रवाह होता. तीच गाडी प्रवाह नसलेल्या रुळांवर उभी केली असती, तर ती बैलगाडीच्याही मागे पडली असती. बारा गतीची चकती ही अशीच गाडी होय. प्रवाह फेकणाऱ्याच्या हातात असावा लागतो.

तो प्रवाह कमी पडला म्हणजे काय होते, हे भोवऱ्यावरून कळते. भोवरा वेगात फिरत असतो तोवर ताठ उभा राहतो. वेग मंदावला की डुलू लागतो आणि एका अंगास कलंडतो. उजव्या हाताने, हाताची पाठ पुढे ठेवून फेकलेली चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. तिचा वेग भरपूर असता ती किंचित उजवीकडे झुकते, आणि मंदावताच डावीकडे ढळून खाली येते. जलद चकतीस तिच्या जोगा वेग मिळालाच नाही, तर पहिली अवस्था येतच नाही. हातातून सुटताच ती डावीकडे कलंडते आणि जमीन गाठते. फेकणारा मग अधिक जोर लावतो, खांदा आणि कोपर दुखावून घेतो, आणि चकती तरीही तेथेच पडते.

या बाबतीत अनुभवी खेळाडूंचा ठोकताळा साधा आहे. ज्याची फेक साठ-सत्तर मीटरांच्या आत राहते, त्याने पाच ते सात गतीपर्यंतच्या चकत्या वापराव्यात. पाऊणशे ते शंभर मीटरांपर्यंत जाणाऱ्याने सात ते नऊ. अकरा-बारा आणि पुढच्या गतीच्या चकत्या शंभर मीटर सहज ओलांडणाऱ्यानेच घ्याव्यात. उदाहरणार्थ, इनोव्हाची लेपर्ड नावाची चकती सहा गतीची असून थोड्या वेगातही वळते आणि सरळ जाते. डिस्ट्रॉयर नावाची बारा गतीची चकती कसलेल्या हाताची आहे. वजनातही तोच न्याय. दीडशे ते एकशे साठ ग्रॅमची चकती मंद हातास सोयीची; एकशे सत्तर ते एकशे पंचाहत्तर ग्रॅमची बळकट हातास आणि वाऱ्यास. मुंबईच्या मैदानांत आणि चौपाट्यांवर अल्टिमेट या सांघिक खेळासाठी वापरली जाणारी चकतीही एकशे पंचाहत्तर ग्रॅमचीच असते. परंतु तिचा काठ बोथट व घेर मोठा असल्याने तिच्यावरील सरावावरून ड्रायव्हर पेलेल असे समजू नये.

ज्यास संशय असेल त्याने परीक्षा करून पाहावी. एकाच दिवशी, एकाच जागेवरून, मध्यम गतीची चकती पाच वेळा आणि जलद चकती पाच वेळा फेकावी आणि पावलांनी अंतर मोजावे. जलद चकती चार-सहा पावलेच पुढे जात असेल, अथवा मागेच पडत असेल, तर ती अद्याप त्या हाताची नाही असे समजून बाजूस ठेवावी. कुर्ल्यासारख्या दाट वस्तीत तर यास आणखी एक कारण आहे. शंभर मीटर मोकळी आणि निर्मनुष्य जागा तेथे सहसा मिळत नाही, आणि टणक, निमुळत्या काठाची चकती भलत्याच दिशेस कलंडली, तर ती कोणा मुलाच्या कपाळाचा वेध घेईल याचा नेम नाही. हाताबाहेरची चकती ही शेजाऱ्याच्याही हाताबाहेरची असते.

मंद चकती घेणे यात कमीपणा मुळीच नाही. २००२ साली स्वीडनच्या क्रिस्तियान सँडस्ट्रॉम याने चकती २५० मीटरांवर फेकून जगाचा विक्रम केला. त्या वेळी त्याच्या हातात व्हॅल्किरी नावाची चकती होती, आणि तिच्यावर गतीचा अंक आहे नऊ! पुढे अमेरिकेच्या डेव्हिड विगिन्स याने २०१६ साली वाळवंटातील अनुकूल वाऱ्यात हे अंतर ३३८ मीटरांवर नेले, ते अर्थात अधिक जलद चकतीने. परंतु सँडस्ट्रॉमच्या अडीचशे मीटरांचे श्रेय चकतीवरील अंकास देता येत नाही. ते त्याच्या हातास आणि त्या हाताने केलेल्या निवडीस द्यावे लागते.

शाळेच्या मैदानावर, व्यायामशाळेत अथवा घराच्या अंगणात एखादे मूल हातातील वस्तू दोन-तीनदा फेकते, ती जवळच पडते, आणि ते ओशाळून बाजूस होते. त्या वेळी मोठ्या माणसांच्या तोंडी सहज शब्द येतात, याला हे जमावयाचे नाही. प्रिन्स्टनच्या लोहाराने घडविलेल्या चौदा किलोंच्या थाळीनेही गॅरेटला हेच सांगितले होते, आणि ते खोटे होते. म्हणून मुलाच्या दंडाविषयी मत देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी त्याच्या हातातील वस्तू एकदा आपल्या हातात घेऊन पाहावी, आणि ती जड असेल तर तिच्या जागी हलकी द्यावी.